तीसपैकी सोळावी प्रत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांमध्ये एका गृहस्थांचे पत्र वाचले. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझी राजवटीने साठ लाख ज्यू मारले हा आकडा फुगवलेला आहे, गॅस चेंबरबद्दल शंका काढणाऱ्यांना बोलू दिले जात नाही, वाचलेल्यांच्या आठवणी म्हणजे शेवटी म्हातारपणीच्या आठवणी, तेव्हा वाचकांपुढे ‘दुसरी बाजू’ही यावी, असे त्यांचे म्हणणे. पत्राची भाषा सभ्य होती, कुठे शिवीगाळ नाही. असे काही सभ्य भाषेत छापून आले की वाचणाऱ्याला ते पटण्याजोगे वाटते, याचीच मला जास्त धास्ती वाटली. ते पत्र छापले गेले याला माझी हरकत आहे. का, ते सांगण्यासाठी हे जरा लांबलेले पत्र.

मी एकतीस वर्षे महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची एकोणीस रेकॉर्ड रूममध्ये. सातबारा, फेरफार, कोतवाल बुके, लाल रुमालात बांधलेली, वाळवीने खाल्लेली मोडीतली दप्तरे. खोटा कागद कसा करतात ते मी पाहिले, आणि खरा कागद कसा नाकारतात तेही पाहिले. एकदा एक जण वारस नोंदीतून आपल्या चुलत आजीचे नाव उडवायला आला. “अशी कोणी बाई नव्हतीच, मॅडम.” मी दोन दिवस शोधले. १९३८च्या कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची नोंद सापडली : नाव, नवऱ्याचे नाव, कारण ‘ताप’. पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. त्याने पानाकडे बघितलेसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, “हे कोणी लिहिलंय, कशावरून?” त्या एका बाईची आणि लाखो माणसांची बरोबरी मी करत नाही. पण ‘कशावरून’ हे उत्तर हवे म्हणून विचारले आहे की उत्तर नको म्हणून, हे माझ्या कानाला तेव्हापासून कळते.

२०१८च्या मे महिन्यात मी मुलीकडे बर्लिनला गेले होते. तिथे वानझे स्टेशनवरून ११४ नंबरची बस तळ्याच्या काठाने जाते. एका थांब्यावर उतरले की समोर मोठी हवेली, बाग, मागे तळे, तळ्यात शिडाच्या होड्या. या हवेलीत २० जानेवारी १९४२ रोजी नाझी राजवटीचे पंधरा अधिकारी जमले. युरोपातल्या सगळ्या ज्यूंचे काय करायचे, आणि त्यात कोणत्या खात्याने काय करायचे, यासाठीची ती बैठक. दीड तासात उरकली. आमंत्रणातच लिहिले होते की बैठकीनंतर न्याहारी आहे.

आत त्या बैठकीचे इतिवृत्त मांडले आहे, पंधरा पानांचे. मुलगी जर्मन वाचून मराठीत सांगत होती, पण पहिली दोन पाने मला तिने सांगण्याआधीच कळली. हजर असलेल्यांची नावे, पुढे पदनाम, खाते. इतिवृत्त जगात कुठेही असेच असते. मी जन्मभर तेच लिहीत आले.

मग सहावे पान. त्यावर एक तक्ता. डाव्या बाजूला देश, उजव्या बाजूला ज्यूंची संख्या. इंग्लंड ३,३०,०००. इंग्लंड त्यांच्या ताब्यात नव्हते, तरी धरलेले. एस्टोनियापुढे आकडा नाही, ‘ज्यूमुक्त’ असा शब्द आहे, कारण तिथले काम तोवर झाले होते. आणि अल्बानिया : २००. तळाशी बेरीज, एक कोटी दहा लाखांहून अधिक. मी त्या २००पाशी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. लाखांचे आकडे मनाला कळत नाहीत. दोनशे माणसे म्हणजे आमच्या आळीतली घरे. एवढी दोनशे माणसेसुद्धा सुटू नयेत म्हणून बर्लिनमध्ये कोणीतरी ती मोजून टंकलिखित केली होती.

इतिवृत्तात ‘ठार मारणे’ हा शब्द नाही. ‘पूर्वेकडे रवानगी’ आहे. धडधाकट लोकांना रस्त्याच्या कामाला लावले की बरेचसे आपोआप कमी होतील, आणि जे उरतील त्यांना ‘त्याप्रमाणे वागवावे लागेल’, असे आहे. नाकारणारे याच शब्दांवर बोट ठेवतात : पाहा, मारायचे कुठे लिहिले आहे? सरकारी टिपण लिहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आणि ज्याने हे इतिवृत्त तयार केले त्या आइशमनने १९६१ साली जेरुसलेमच्या कोर्टात सांगितलेच, की टेबलावर मारण्याच्या पद्धतींबद्दल उघड बोलणे झाले होते, त्याला कचेरीच्या भाषेत घालण्याचे काम त्याने केले.

या इतिवृत्ताच्या तीस प्रती काढल्या होत्या. एकच हाती लागली. १९४७मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत, प्रत क्रमांक १६. बाकीच्या सापडल्या नाहीत. कागद जाळले गेले तशी प्रेतेही जाळली गेली. १९४२पासून ब्लोबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक खास मोहीम होती, पुरलेली प्रेते उकरून जाळण्याची. म्हणजे ‘असे काही घडलेच नाही’ म्हणण्याची तयारी मारणाऱ्यांनीच मारता मारता सुरू केली होती.

त्या हवेलीतल्या ग्रंथालयाला योझेफ वुल्फ यांचे नाव आहे. ते कोण म्हणून मी मुलीला विचारले, आणि परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी काही बोललो नाही.

वुल्फ क्राकोवमध्ये वाढले. तिथल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, प्रतिकाराच्या गटात होते. ऑश्विट्झच्या छावणीत होते. जानेवारी १९४५मध्ये कैद्यांना थंडीत चालवत नेत होते तेव्हा निसटले. पुढे ते पोलंडमध्ये आणि मग बर्लिनमध्ये कागद गोळा करू लागले. मारणाऱ्यांचे कागद, त्यांच्याच सह्यांचे. एकामागून एक अठरा पुस्तके काढली. वानझेची ती हवेली दस्तऐवज केंद्र व्हावी यासाठी १९६५-६६पासून ते झगडले. नकार मिळाला. तिथे शाळेच्या मुलांचे वसतिगृह होते, तेच राहिले. १९७४च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुलाला पत्र लिहिले, की मी एवढी पुस्तके काढली, कशाचाही परिणाम झाला नाही, मारेकरी मोकळे फिरताहेत, आपापल्या घरी फुलझाडे लावताहेत. १० ऑक्टोबरला त्यांनी आपल्या बर्लिनच्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. हवेली लोकांसाठी उघडली ती २० जानेवारी १९९२ रोजी, बैठकीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी.

छावणीतून वाचलेला माणूस नंतरच्या एकोणतीस वर्षांत खचला. संपादक महोदय, पत्रलेखक ज्या ‘म्हातारपणीच्या आठवणीं’बद्दल बोलतात त्या आठवणी सांगणाऱ्यांना आपण काय काय पुन्हा सिद्ध करायला लावतो, याचा विचार त्यांनी केला असेल असे मला वाटत नाही.

बरे, ‘दुसऱ्या बाजू’ला बोलू दिले नाही असेही नाही. लंडनमध्ये ती भर कोर्टात बोलली. डेव्हिड आयर्व्हिंग या लेखकाने डेबोरा लिपस्टाट या प्राध्यापिकेवर अब्रुनुकसानीचा दावा केला, कारण त्यांनी त्याला होलोकॉस्ट, म्हणजे ज्यूंचा हा संहार, नाकारणारा म्हटले होते. इंग्लंडच्या कायद्यात आपले म्हणणे खरे आहे हे प्रतिवादीने सिद्ध करायचे. २०००च्या जानेवारीत सुनावणी सुरू झाली. लिपस्टाट यांच्या वकिलांनी छावणीतून वाचलेल्या एकाही माणसाला साक्षीला उभे केले नाही, आणि ते मुद्दाम. आयर्व्हिंग स्वतःच स्वतःचा वकील होता. त्याने एखाद्या ऐंशी वर्षांच्या बाईला, तुमच्या हातावरचा नंबर खरा कशावरून, असे विचारावे आणि तिने उत्तर देत बसावे, हे त्यांना होऊ द्यायचे नव्हते. इतिहासकारांनी आयर्व्हिंगच्या पुस्तकांच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहिल्या.

त्यातले एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने फोनच्या नोंदवहीत हाताने लिहिले आहे : बर्लिनहून निघालेली ज्यूंची गाडी, मारू नये. गाडी एक. बर्लिनहून रिगाला गेलेली, सुमारे हजार माणसांची. आयर्व्हिंगने त्याचा अर्थ लावला की ज्यूंना मारू नका असा सरसकट हुकूम होता. प्रत्यक्षात त्या गाडीतली माणसे त्या सकाळीच रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घालून मारली गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत एसएसच्या कारभारी अधिकाऱ्यांनी जागेवर राहावे असे आहे. त्यातला जर्मन ‘हाबेन’ हा शब्द आयर्व्हिंगने ‘यूडेन’ म्हणजे ज्यू असा वाचला आणि ज्यूंना जागेवर राहू द्यावे असा अर्थ काढला. मी मोडी वाचते. घाईच्या हस्ताक्षरात एक अक्षर दुसऱ्यासारखे दिसते हे मला माहीत आहे, माझ्याही चुका झाल्या आहेत. पण चुका दोन्ही बाजूंना होतात. आयर्व्हिंगच्या सगळ्या चुका एकाच बाजूला पडत होत्या, हिटलरच्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला : याने पुरावा जाणूनबुजून वाकवला आहे, हा होलोकॉस्ट नाकारणारा आहे, ज्यूद्वेष्टा आहे. तेव्हा ती बाजू ऐकून झाली आहे, नियमाप्रमाणे आणि सवडीने.

आकड्याबद्दल. नाकारणारे नेहमी सांगतात की ऑश्विट्झच्या स्मारकावर आधी चाळीस लाख लिहिले होते, मग ते बदलले, म्हणजे सगळेच खोटे. पाटीवर चाळीस लाख होते हे खरे. तो १९४५मधल्या सोव्हिएत आयोगाचा आकडा. १९९०मध्ये तो काढला, कारण त्याच संग्रहालयातले इतिहासकार फ्रान्चिशेक पिपर यांनी आगगाड्यांच्या नोंदी धरून हिशेब केला : सुमारे अकरा लाख, त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू. साठ लाखांची बेरीज पाश्चात्त्य इतिहासकारांनी केली तेव्हा ते चाळीस लाख त्यांनी कधी धरलेच नव्हते, त्यामुळे ते वजा होण्याचा प्रश्न येत नाही. आमच्याकडे याला शुद्धिपत्रक म्हणतात. एका सर्व्हे नंबरचे क्षेत्र दुरुस्त केले म्हणून गाव नाहीसे होत नाही.

आणि मारणाऱ्यांचाच आकडा हवा असेल तर तोही आहे. ११ जानेवारी १९४३ची हॉफ्ले नावाच्या अधिकाऱ्याची तार. ब्रिटिशांनी ती हवेतल्या हवेत पकडली, आणि तिचा अर्थ कोणाच्या लक्षात न येता ती लंडनच्या अभिलेखागारात जवळजवळ साठ वर्षे पडून राहिली. बेलझेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका, लुब्लिन, या चार छावण्यांत १९४२अखेर पोचलेले ज्यू : १२,७४,१६६. अंदाजाचा आकडा शून्यांवर संपतो. हा सहावर संपतो.

आता मला ज्याबद्दल मुळात लिहायचे होते ते. ज्यांना मारले त्यांनीही कागद ठेवले. वॉर्सोच्या घेट्टोत एमानुएल रिंगेलब्लुम हे इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी १९४०च्या नोव्हेंबरपासून साठेक माणसे गुपचूप जमवली. शनिवारी भेटायचे म्हणून गटाचे नाव ‘शब्बाथचा आनंद’. ते काय जमवत होते? रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटचे कागद, भिंतीवरचे हुकूम, मुलांनी शाळेत लिहिलेले निबंध, खेल्म्नोच्या छावणीतून पळून आलेल्या माणसाची जबानी. १९४२च्या ऑगस्टमध्ये, रोज हजारोंना ट्रेब्लिंकाच्या गाडीत कोंबत असताना, त्यांनी हे कागद दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोव्होलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरले. पुरणाऱ्यांत डाविड ग्राबेर हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याने चिठ्ठी लिहून आत टाकली : जे आम्हांला जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही जमिनीत पुरले. पुढच्या फेब्रुवारीत आणखी कागद दोन दुधाच्या किटल्यांत पुरले.

साठांपैकी तिघे उरले. त्यांतल्या हर्श वासर यांना जागा माहीत होती. शहर सगळे विटांचा ढिगारा झालेले. १९४६च्या सप्टेंबरमध्ये पेट्या निघाल्या, १९५०च्या डिसेंबरमध्ये किटल्या. पेट्यांत पाणी शिरले होते, कागदांचे गठ्ठे एकमेकांना चिकटून गेले होते. किटल्यांतले बरे राहिले. दोन्ही मिळून सुमारे ३५ हजार पाने. तिसरा भाग पुरला होता, तो अजून सापडलेला नाही. भिजलेली पाने एकमेकांपासून सोडवायची म्हणजे काय, हे २००५च्या पुरानंतर मी केले आहे. पान सुटताना शाई बोटाला लागते, आणि बोटाला लागलेली शाई परत पानावर जात नाही.

या माणसांना आठवणींवर विसंबायचे नव्हते. आपल्याला म्हातारपण येणारच नाही हे त्यांना ठाऊक होते. रिंगेलब्लुम, त्यांची पत्नी आणि लहान मुलगा १९४४च्या मार्चमध्ये मारले गेले.

आज साक्षीदार संपत आले आहेत. २०२४च्या जानेवारीत जगभरात सुमारे २,४५,००० जण हयात होते, त्यांतले निम्मे ८६ किंवा त्याहून अधिक वयाचे. म्हणजे युद्धात ती मुले होती. नाकारणाऱ्यांना घाई नाही, त्यांना नुसते थांबायचे आहे. म्हणून आपल्यासारख्या वृत्तपत्राने आत्ता काय छापावे हा प्रश्न मला मोठा वाटतो.

हे दूर देशाचे आहे, अलिबागच्या बाईला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. माझे लहानपण इथल्या इस्राएल आळीच्या शेजारी गेले. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मराठीच बोलत, मराठीत कीर्तने करत. शेजारच्या आत्या (आम्ही सगळी मुले त्यांना आत्याच म्हणायचो) लग्नाआधी भायखळ्याला राहायच्या. व्हिएन्नाहून पळून आलेली एक बाई १९३९मध्ये चार महिने त्यांच्या घरी होती. मुंबईतल्या ज्यूंनी अशा निर्वासितांसाठी मदत संस्था काढली होती, तिच्यामार्फत. त्या बाईचे आईवडील मागे राहिले. रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचा निरोप यायचा, तेवढेच शब्द लिहायची परवानगी. ती दुसरीकडे राहायला गेली तरी निरोप आत्यांच्याच पत्त्यावर यायचे. १९४२मध्ये ते थांबले. आत्या सांगायच्या, दुपारी टपालवाल्याची वेळ झाली की ती येऊन गॅलरीत उभी राहायची. तो खालून हात हलवून ‘नाही’ म्हणायचा. शेवटी शेवटी तो हात हलवायचाही बंद झाला, मान खाली घालून जायचा. युद्ध संपल्यावरही तिला कसला कागद मिळाला नाही. तारीख नाही, जागा नाही. आत्यांना तिच्या आईचे नाव शेवटपर्यंत आठवत होते. मी तेव्हा ते लिहून ठेवले नाही. रेकॉर्ड कीपर झाले, दुसऱ्यांच्या पणज्यांची नावे शोधली, आणि हे नाव लिहून ठेवले नाही. आत्या १९८७मध्ये गेल्या.

जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्टच्या स्मारकात अशा नावांचे अर्ज भरून घेतात. नातेवाईक भरतात, शेजारीही भरू शकतात. त्यांची नावे पन्नास लाखांच्या घरात पोचली आहेत. बाकीची कोणाच्या तरी डोक्यात होती आणि त्या माणसाबरोबर गेली.

आपल्याकडे मात्र २००६मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाने हॉटेल निघाले होते. ज्यू समाजाने आवाज उठवला तेव्हा नाव बदलले. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेत वक्तृत्वाला मी परीक्षक होते. नववीतला एक मुलगा हिटलरच्या शिस्तीवर बोलला, टाळ्या पडल्या. मुलगा हुशार होता, त्याला कोणी दुसरे काही सांगितलेच नव्हते. नंतर मी त्याला अल्बानियाचे दोनशे सांगितले. तो म्हणाला, “बाई, पण दोनशेच का? म्हणजे तेवढ्यांना तरी सोडायचं की.” त्याला शंका नव्हती, राग आला होता. मुलांना कागद दाखवला की मुले कागद वाचतात.

म्हणून माझी विनंती अशी. ‘दुसरी बाजू’ म्हणून नाकारणाऱ्यांची पत्रे छापू नयेत. त्याऐवजी येत्या २० जानेवारीपासून २७ जानेवारीपर्यंत, म्हणजे वानझेच्या बैठकीच्या दिवसापासून ऑश्विट्झच्या मुक्ततेच्या दिवसापर्यंत, रोज एक कागद मराठीत द्यावा, मूळ पानाच्या छायाचित्रासह. शाळांच्या फळ्यावर लागेल एवढा. भाषांतराला मुलगी मदत करील, अक्षर तपासायला मी आहे.

मी सध्या दुपारी दोन तास एक काम करते, तेही कळवते. जर्मनीत आरोल्सन येथील अभिलेखागारात नाझींच्या बळींचे तीन कोटी कागद आहेत. छावण्यांची कार्डे संगणकावर दिसतात, आणि जगातला कोणीही घरी बसून त्यांवरची नावे व जन्मतारखा टंकून देऊ शकतो. मी आजवर अकराशेच्या वर कार्डे केली. परवाचे कार्ड बुखेनवाल्डच्या छावणीचे होते. उंची, डोळे, नाक, दात, केस, असे रकाने. धंदा : शिंपी. जमा केलेल्या वस्तूंमध्ये एक टोपी, एक कोट, एक जोडी बूट. नावातले तिसरे अक्षर पुसट होते. ते काय आहे हे ठरवायला मला चाळीस मिनिटे लागली.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त अभिलेखपाल
अलिबाग, जि. रायगड

सोबत : वानझे इतिवृत्ताच्या सहाव्या पानावरील तक्ता, मराठीत, १ प्रत.